दादाच्या नावाने

प्रिय वहिनी,

दचकू नकोस. वर नाव तुझंच आहे, तुझ्या आताच्या नवऱ्याचं, ट्रोफिमसचं नाही, आणि ते चुकून पडलेलं नाही. खाली सहीसुद्धा माझीच असणार आहे. नियम मला ठाऊक नाही असं नाही. बिशपांच्या सभेत जे ठरलं ते आमच्या मंडळीत मोठ्यानं वाचून दाखवलं, तेव्हा मी खांबाला टेकून उभी होते आणि सगळं नीट ऐकलंय. बाईनं नवऱ्याच्या नावाशिवाय कुणाला पत्र लिहू नये, आणि नुसतं तिच्या एकटीच्या नावावर आलेलं पत्र तिनं घेऊ नये. जिला नवरा नाही तिनं बापाच्या नाहीतर भावाच्या नावानं लिहावं, असा आमच्या ओबुल्को गावात त्याचा अर्थ लावतात. म्हणजे लिहिणारी मी आणि हातात घेणारी तू, दोघीही चुकलोच. पण आता घेतलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. ट्रोफिमसला हाक मारू नकोस, धर्मगुरूकडे धावू नकोस. मी तुला मेणाच्या पाटीवर शिकवलं तसं एकेका अक्षराखाली बोट ठेवून वाच. ओठ हलले तरी चालतील, आवाज काढू नकोस.

गेल्या महिन्यात बर्बातो येऊन गेला. तोच आपला खेचरवाला, चटया नदीपर्यंत नेणारा आणि आपली पत्रं पोचवणारा. पोट आणखी पुढे आलंय त्याचं. त्यानं बोलता बोलता सांगितलं, की हिस्पालिसमध्ये तू अजून दर रविवारी, प्रभूची भाकर आणि प्याला द्यायची वेळ झाली की, बाप्तिस्मा न झालेल्यांच्या घोळक्याबरोबर बाहेर येतेस आणि भिंतीपाशी उभी राहतेस. आतलं सगळं उरकेपर्यंत. मग लोक बाहेर येतात, त्यांच्यातून वाट काढत तू घरी जातेस. मी ऐकून घेतलं आणि हातातला दोर वळत राहिले. त्या दिवसापासून मला काही होतच नाहीये, वहिनी. रडू येत नाही. भूक मेली म्हणावं, तर तसंही नाही. जेवते, झोपते, कामावर बसते. थंडीच्या दिवसांत टाक्यातलं भिजलेलं गवत काढताना बोटं आपली वाटेनाशी होतात ना, तसं सगळं अंगभर झालंय. म्हणून हे पत्र कोरडं वाटलं तर राग मानू नकोस.

तू आमच्या घरात आलीस तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि मला तू अजिबात आवडली नव्हतीस. आई जाऊन चार वर्षं झाली होती, घर मी सांभाळत होते, आणि तू आल्या आल्या माझी भट्टी ताब्यात घेतलीस. माझी भाकर हातात घेऊन उलटीसुलटी पाहिलीस आणि म्हणालीस, "वन्सं, ही जैतुणाच्या घाण्यावर वजन म्हणून ठेवा, तेल चांगलं उतरेल." मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुझी भाकर खाल्ली आणि नाइलाज झाला. शनिवारी तू मंडळीसाठी पीठ मळायला बसायचीस तेव्हा कुणाला जवळ फिरकू द्यायची नाहीस. म्हातारे बिशप टेबलावरच्या पंधरा भाकरींतून तुझीच उचलायचे, आणि तू खाली मान घालून मला कोपरानं डिवचायचीस. आणखी एक आठवतं. भाकर हातावर पडली की सगळे डोळे मिटतात, तू उघडे ठेवायचीस. मी एकदा टोकलं, तर म्हणालीस, "तो येतोय तर येताना बघायला नको?" तुझ्याइतकं त्या भाकरीवर प्रेम करणारं माणूस मी त्यानंतर पाहिलेलं नाही, आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये.

लिहायवाचायला मी कशी शिकले ते तुला माहीतच आहे. बाबा दादाला शिकवायचे, दादा मुसमुसत बसायचा, आणि मी मागे बसून गवत ठोकता ठोकता शिकून घेतलं. पुढे तेलाच्या घाण्यांना चटया पुरवणाऱ्या आपल्या कारखान्याचं सगळं लिखाण माझ्याकडे आलं. घाणेवाल्यांना निरोप असो नाहीतर बाबांच्या थडग्यावर काय कोरायचं ते असो, अक्षर माझं आणि नाव दादाचं. ओबुल्कोत लुपियानसचं अक्षर फार वळणदार म्हणून नावाजलेलं होतं. दादाला त्याची गंमत वाटायची. "माझ्या अक्षराची तारीफ झाली आज," असं आल्या आल्या सांगायचा, जणू त्यानंच लिहिलंय. तू हसायचीस. तेव्हा तुम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसत होतात, ते मी पाहिलंय. तेही खोटं नव्हतं.

मग ती धुणेकऱ्यांच्या आळीतली आली. दादानं लपवलं असतं तर तुला निदान न कळल्याचं सोंग तरी घेता आलं असतं. त्यानं तेवढाही मान राखला नाही. दिवसाढवळ्या जायचा, दिवसाढवळ्या यायचा. तू बिशपांकडे गेलीस. त्यांनी सांगितलं, सोस, प्रार्थना कर, तो फिरेल. तू सोसलंस दीड वर्ष. आणि त्या दीड वर्षात दादा दर रविवारी पुरुषांच्या पहिल्या रांगेत उभा राहून भाकरीसाठी हात पुढे करायचा. त्याला कुणी काही विचारलं नाही. सगळ्या आळीला ठाऊक होतं, मंडळीच्या सेवकालाही ठाऊक होतं, पण विचारलं नाही. तू ज्या दिवशी मावशीकडे हिस्पालिसला निघालीस त्या दुपारी अविता झोपली होती. पाच वर्षांची तुमची पोर. बापाची लेक बापाच्या घरात राहणार, कायदा तसा, त्यात तुझं काही चालणार नव्हतं. तू तिला उठवलं नाहीस. मला म्हणालीस, "उठवली तर मी जाणार नाही." मी तुझी गाठोडी खेचरावर बांधली. इथल्या बायका अजून म्हणतात की उर्बिकानंच वहिनीला पळवलं. म्हणू देत.

वर्षानं कळलं की तू रांजण घडवणाऱ्या ट्रोफिमसशी लग्न केलंस. त्याच महिन्यात निवाडा आला. मंडळीत वाचला गेला: नवरा व्यभिचारी असला तरी बाप्तिस्मा झालेल्या नवऱ्याला सोडून दुसऱ्याशी लग्न करणाऱ्या बाईला, ज्याला तिनं सोडलं तो जिवंत असेपर्यंत प्रभूची भाकर मिळणार नाही. अगदी मरणाच्या दारात पोचली तर गोष्ट वेगळी. तुझ्या हातच्या भाकरीही टेबलावर घ्यायच्या नाहीत. घरी येताना दादा म्हणाला, "म्हणजे आता ती माझ्या मरणाची वाट बघत बसणार!" आणि मी हसले. सगळंच सांगायचं ठरवलंय, तर हेही सांगते. मी हसले होते.

पत्रांची सुरुवात माझ्यामुळे झाली. अविता सारखी विचारायची, आणि मला वाटलं की तुलाही तिची खबर मिळावी. मी दादाला विचारलं. तो म्हणाला, "काय लिहायचं ते लिही, मला वाचून दाखवू नकोस." वर्षातून दोनदा, घाणे सुरू व्हायच्या आधी आणि घाणे थांबल्यावर. लुपियानसचा ट्रोफिमसला नमस्कार. मी बरा आहे, तूही बरा असशील तर उत्तम. आणि मग खाली सगळं अविताचं. दात पडले, गोवर आला, बकरीनं ढुशी दिली, आत्याचं अक्षर पाहून पाहून स्वतःचं नाव काढायला शिकली. तुझी उत्तरं यायची ती ट्रोफिमसच्या नावानं, पण त्या बापड्याला लिहितावाचता येत नाही हे मला ठाऊक होतं. "तिला सांगा, केस ओले ठेवून उन्हात बसू नये," असं कुठला रांजणवाला लिहितो! एका पत्राच्या खाली तू पिठाचं बोट उमटवलं होतंस. मुद्दाम की चुकून, कोण जाणे. दोन पुरुष एकमेकांना पत्रं लिहीत होते, ज्यांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं, आणि त्यांच्या नावांच्या आड आपण दोघी बोलत होतो. मला ते आवडायचं, वहिनी. वर्षभरात माझ्याशी कुणी त्यापेक्षा जास्त बोलत नव्हतं.

अविता आता सतरा वर्षांची आहे. उंचीनं माझ्यापेक्षा टीचभर वर गेली. चालणं तुझं, कपाळ दादाचं, आणि जीभ कुणाची ते मी सांगायला नको. परवा घाणेवाला चटई हातात घेऊन म्हणाला, वीण सैल आहे. ही म्हणाली, "काका, वीण घट्टच आहे, तुमची पकड सैल झाली." तो हसत हसत घेऊन गेला. तिला भाकर येत नाही. मी शिकवली तशीच करते, म्हणजे तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. रात्री पाय गार पडले की अजूनही माझ्या पायांत घालते. बारा वर्षांत ती माझ्याजवळून एक दिवस कुठे गेलेली नाही. मला नवरा नाही, मूल नाही, मला कुणी मागितलं नाही आणि दादाला कारखान्यात माणूस हवं होतं. ही एक पोर माझ्या वाट्याला आली, आणि तीही तुझी होती. एवढं लक्षात ठेवून पुढचं वाच.

बर्बातो त्या दिवशी जे बोलला ते आता पुरतं सांगते. तो आपल्यातला नाही हे तुला ठाऊक आहे, तो अजून नदीच्या देवीला तेल घालतो. त्याला आपल्या भाकरीचं काही कळत नाही. तो म्हणाला, "उर्बिकाताई, एक विचारू का? तुमच्या त्या वहिनीनं असं काय केलंय हो? मी पत्र दिलं की तिचा नवरा ते धर्मगुरूकडे नेतो. ते उभ्यानंच वाचतात. 'लुपियानसचा नमस्कार, मी बरा आहे,' एवढं झालं की पुढचं वाचायच्या आधी तिच्याकडे बघतात आणि म्हणतात, 'आहे अजून.' मग उरलेलं वाचतात आणि पत्र पेटीत ठेवून देतात. तिला हातातसुद्धा घेऊ देत नाहीत. मग ती मला बाहेर गाठते. म्हणते, बर्बातो, त्यांची तब्येत खरंच ठीक आहे ना? मी आपला सांगतो, ठणठणीत." मी विचारलं, मग ती काय म्हणते? तो म्हणाला, "काही नाही. सुके अंजीर देते. म्हणते, त्यांना द्या, त्यांना आवडतात." ते अंजीर दरवेळी तो मला आणून देत होता, वहिनी. तू पाठवलेस एवढंच सांगायचा, कुणासाठी ते सांगायचा नाही. अविता आणि मी खायचो.

मी त्याला म्हटलं, तू मला हे आधी का सांगितलं नाहीस? तो खरोखर गोंधळला. "अहो, तुम्हीच तर म्हणालात, तिथं त्यांच्याबद्दल काही बोलू नकोस म्हणून! एका भाकरीच्या तुकड्यानं माणसाचं एवढं अडतं, हे मला काय ठाऊक? मला वाटलं, घरी असेलच की तिच्याकडे भाकर."

घरी असेलच. त्याचं काही चुकलं नाही. चुकलं ते माझं, आणि चुकलं हा शब्दही पुरत नाही. आता बोट घट्ट ठेव आणि हळू वाच.

दादा गेला, वहिनी. आत्ताच नव्हे. चार वर्षं झाली. उन्हाळा संपताना ताप आला, सहा दिवस होता, सातव्या दिवशी सकाळी गेला. फार त्रास झाला नाही. धुणेकऱ्यांच्या आळीतली ती केव्हाच सोडून गेली होती, शेवटी मी आणि अविता दोघीच होतो. अवितानं त्याचे डोळे मिटले, माझा हात पुढे होईना. त्यानं तुझं नाव घेतलं का असं तुला वाटत असेल, तर नाही घेतलं. पाणी मागितलं. त्याला बाबांच्या शेजारी पुरला. अख्ख्या ओबुल्कोला ठाऊक आहे. ठाऊक नव्हतं ते फक्त तुला, आणि तुझ्या धर्मगुरूला, ज्याच्या पेटीत त्याची आठ पत्रं आहेत, त्याच्या मरणानंतरची, वळणदार अक्षरातली. मी बरा आहे. मी बरा आहे. मी बरा आहे.

कसं झालं ते सांगते, म्हणजे तू माझ्याबद्दल चांगलं मानून मला सोडून देणार नाहीस. दादा गेल्यावर घाण्यांच्या आधी पत्राची वेळ आली, आणि मी तुला कळवायलाच बसले होते. हातानं सवयीनं लिहिलं, लुपियानसचा ट्रोफिमसला नमस्कार. मग मी थांबले. आता कुणाच्या नावानं लिहायचं? बाप नाही, नवरा नाही, होता तो भाऊ गेला, आणि भाऊ गेला हे सांगायला भावाचंच नाव हवं. बिशपांना विचारता आलं असतं, त्यांच्या नावानं पाठवता आलं असतं. मी विचारलं नाही, कारण उत्तर मिळालं असतं. समोर अविता शेंगा सोलत बसली होती, तेरा वर्षांची, एक शेंग टोपलीत आणि एक तोंडात. मला वाटलं, बाप नाही म्हटल्यावर आई बोलावील. बोलावील कशाला, येईलच ती. आणि ही जाईल. सगळं एवढंच होतं. मी पुढे लिहिलं, मी बरा आहे. आणि बर्बातोला सांगितलं, तिथं तोंड उघडू नकोस.

निवाडा मला माहीत नव्हता असं मी म्हणणार नाही. तो जिवंत असेपर्यंत तुला भाकर नाही, हे माझ्या कानांनी ऐकलं होतं. पण मी मनाशी म्हणायचे, हिस्पालिस मोठं शहर, तिथले बिशप मऊ असतील, इतक्या वर्षांनी कुणीतरी डोळेझाक केली असेल, ती जात असेल आत. दुसरा विचार डोकावला की उठायचे आणि गवत ठोकायला घ्यायचे. मोगरीच्या आवाजात काही ऐकू येत नाही. चार वर्षांत आमच्या कारखान्यातलं गवत इतकं मऊ कधी नव्हतं, घाणेवाले तारीफ करतात. दादा मेला त्याच दिवशी तू मोकळी झाली होतीस. त्यानंतरचे सगळे रविवार तू त्या भिंतीपाशी उभी राहिलीस ते दादामुळे नाही, बिशपांमुळेही नाही. माझ्यामुळे. माझ्या अक्षरामुळे. आणि बाहेर येऊन त्याच्यासाठी अंजीर देत राहिलीस. तुझ्या मनात त्याच्या मरणाची वाट नव्हती, हे मला आता कळतं. मला लाज वाटायला हवी. वाटत असेलही, पण ती अजून माझ्यापर्यंत पोचलेली नाही.

बर्बातो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आमच्या बिशपांकडे गेले आणि सगळं सांगितलं. हे नवे आहेत, तू पाहिलेले नाहीस. वयानं माझ्याएवढेच, पण बोलताना म्हाताऱ्यासारखे थांबतात. बराच वेळ त्यांना प्रश्नच कळेना. म्हणाले, "बाई, तू पत्र स्वतःच्या नावानं लिहिलंस का?" म्हटलं, नाही, भावाच्या. "मग नियम तर तू पाळलास." म्हटलं, भाऊ मेलेला होता. त्यांनी सेवकाला सभेचे नियम आणायला लावले आणि दोघं वाचत बसले. मेलेल्या माणसाच्या नावानं पत्र लिहिणाऱ्या बाईसाठी त्यात काही नव्हतं. शेवटी खोट्या साक्षीचा नियम लावायचा ठरलं. मला पाच वर्षं भाकर नाही. मग त्यांनी तुझ्या बिशपांना द्यायला चिठ्ठी लिहिली, लुपियानस चार वर्षांपूर्वी वारला, मी याची खात्री देतो, आणि मोहोर लावली. मी म्हटलं, मला वहिनीला पत्र लिहायचंय. ते म्हणाले, "माझ्या नावानं लिही, मी सही करतो." म्हटलं, नको, हे एक माझ्या नावानं लिहीन. त्यांनी नियमांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग सहावं वर्ष," म्हणाले. मी म्हटलं, चालेल. वाईट माणूस नाही तो. जाताना मला विचारलं, तू जेवलीस का?

गेल्या रविवारी मी पहिल्यांदा बाहेर आले. भाकर न घेणाऱ्यांनी बाहेर जावं अशी सेवकानं हाक दिली, मी निघाले आणि माझ्या शेजारच्या बायकांना वाटलं की मला चक्कर येतेय. भिंतीपाशी ऊन होतं. आतून गाण्याचा आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं. तुला ठाऊक असेल. मी तुझ्याइतका वेळ उभी राहिले तरी फिटणार नाही, म्हणून त्याबद्दल आणखी काही लिहीत नाही.

अविताला मी बिशपांकडून आल्यावर सांगितलं. ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट वाढलं की जेवायची, काम सांगितलं की करायची. चौथ्या दिवशी विचारलं, "आत्या, तिला माहीत आहे का मी कशी दिसते?" म्हटलं, नाही, तिला पाच वर्षांची माहीत आहे. मग ती स्वतःच्या वहाणा घेऊन बसली आणि तुटलेला बंद शिवायला लागली. मी काही म्हणाले नव्हते. मी म्हणेन की नाही याची तिनं वाट पाहिली नाही.

वहिनी, हे पत्र तुझ्या हातात बर्बातोनं दिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. तो आणि त्याची बायको खेचरांपाशी थांबलेत. दिलंय ते दारात उभ्या असलेल्या त्या उंच पोरीनं, जिनं फक्त एवढंच म्हटलं असेल, "ओबुल्कोहून आहे, तुमच्याच नावाचं, आधी वाचा." मी तिला बजावलंय की वाचून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, आणि मला माहीत आहे की तिला ते फार जड जात असेल. बिशपांची चिठ्ठी तिच्या कमरेच्या पट्ट्यात आहे. धर्मगुरूनं चिठ्ठीवर शंका काढली तर तिला पुढे कर. बापाचे डोळे तिनं मिटलेत, ती सांगेल. ती राहायला आली आहे. मी तिला परत ये म्हणून सांगितलेलं नाही. तुला मात्र मी लिहिणार होते की मी वाट बघणार नाही, पण खोटं आता पुरे झालं. मी रोज वाट बघेन. तिला पाठवू नकोस. येत्या रविवारी तिला शेजारी घेऊन आत उभी राहा, आणि हातावर भाकर पडेल तेव्हा डोळे मिटू नकोस. आता हे खाली ठेव. ती सहा दिवस चालून आली आहे आणि तू अजून तिच्याकडे नीट पाहिलेलं नाहीस.

तुझीच, कुणाच्याही नावाआड न लपलेली,
उर्बिका